इतिहासाच्या सरांचा उमेदवारी अर्ज

निवडणूक जाहीर व्हायची. कॉलेजातला एखादा प्राध्यापक रजेचा अर्ज द्यायचा, मित्रांकडून अनामत रक्कम जमवायचा आणि कचेरीत जाऊन उमेदवारी अर्ज भरायचा. त्याच्या पाठीशी घराणे नसे, साखर कारखाना नसे, गाड्यांचा ताफा नसे. आपण बहुधा पडणार हे त्याला समोरच्यापेक्षा चांगले कळत असे. तरीही तो उभा राहायचा, महिनाभर गावोगाव बोलायचा आणि निकालानंतर पुन्हा खडू हातात घ्यायचा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातली ही रीत आज हयात नाही. तिच्यासाठी कुठे शोकसभा झाली नाही, कोणत्या वर्तमानपत्राने चौकट छापली नाही. औशासारख्या तालुक्याच्या गावात बसून तिला श्रद्धांजली वाहावीशी वाटते, कारण तिच्या जाण्याने सर्वांत जास्त नुकसान आमच्यासारख्या गावांचेच झाले.

प्राध्यापक आजही निवडणुकीला उभे राहतात. नांदेडमध्ये २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीच्या प्रा. यशपाल भिंगे यांनी दीड लाखाहून अधिक मते घेतली आणि त्या निकालाची चर्चा राज्यभर झाली. तेव्हा प्राध्यापक संपले असे मी म्हणत नाही. संपली ती वेगळीच गोष्ट. आपला विषय, आपले विद्यार्थी आणि आपली जीभ एवढ्याच भांडवलावर उभे राहता येते, हा विश्वास संपला. विशेषतः इतिहास शिकवणारा माणूस विधिमंडळात हवा, असे वाटणारा मतदार आणि तसे वाटून अर्ज भरणारा शिक्षक हे दोघेही दिसेनासे झाले.

मराठवाड्यात ही परंपरा उगवली त्याला कारण होते. निजामाच्या राज्यात गश्ती निशान ५३ या फर्मानाने सभाबंदी लादलेली होती. परवानगीशिवाय चार माणसे जमवून बोलणे गुन्हा ठरे. खासगी शाळा काढायची तर तिलाही परवानगी लागे. जिथे सभा घेता येत नाही तिथे वर्ग हीच सभा होते. म्हणून या भागातले राजकारण वकिलाच्या कचेरीइतकेच शिक्षकाच्या वर्गात वाढले. औशाच्या शेजारच्या मुलखातले हिप्परगा घ्या. तिथल्या राष्ट्रीय शाळेत व्यंकटेश भवानराव खेडगीकर मुख्याध्यापक होते. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते बनले. १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून ते लोकसभेवर निवडून गेले. संसदेत पोचलेला हा माणूस मुळात शाळामास्तर होता आणि लोकांना त्यात काही नवल वाटले नाही.

त्याच १९५२ च्या निवडणुकीत बीड मतदारसंघातून रामचंद्र गोविंद ऊर्फ बाबासाहेब परांजपे निवडून आले. आंबेजोगाईच्या योगेश्वरी शाळेच्या परिवारातले हे शिक्षक काँग्रेसच्या विरोधात, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या बाजूने उभे होते. स्वातंत्र्यलढ्याची सगळी पुण्याई ज्या पक्षाच्या नावावर जमा होती, त्या पक्षाच्या उमेदवाराला बाजूला सारून बीडच्या मतदाराने एका मास्तराला दिल्लीला पाठवले. पोलीस कारवाई होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. मतदानाचा हक्क नवा होता आणि तो बजावणारा बहुसंख्य मतदार निरक्षर होता. निरक्षर मतदाराला शिक्षक उमेदवार कळत नाही, असे जे आज सर्रास म्हटले जाते, त्याला बीडच्या निकालाने तेव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे.

पुढे कॉलेजे निघाली. १९५० मध्ये औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडात पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय आले, १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी पोरे या संस्थांत आली आणि त्यांना शिकवणाऱ्यांकडे सारा परगणा अपेक्षेने पाहू लागला. नरहर कुरुंदकरांसारखा माणूस नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवे आणि सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन शिवाजी महाराजांवर, हैदराबादच्या लढ्यावर, राज्यघटनेवर दोन दोन तास बोले. त्यांनी निवडणुकीचे राजकारण केले नाही, पण एक गोष्ट सिद्ध केली. अवघड विषय सोपा करून सांगितला तर बैलगाडीतून आलेला माणूस शेवटपर्यंत ऐकतो. प्राध्यापक उमेदवारांच्या सभा ज्या श्रोत्यांवर उभ्या राहिल्या ते श्रोते अशा व्याख्यानांनी तयार केले होते.

इतिहासाच्या प्राध्यापकाने आशा नसलेल्या ठिकाणी निवडणूक लढवायची म्हणजे काय करायचे, याचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. साउथ डकोटा हे शेतीवर जगणारे, पावसाच्या लहरीवर चालणारे राज्य. जॉर्ज मॅकगव्हर्न तिथल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा, जन्म १९२२ चा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक म्हणून त्याने युरोपच्या आकाशात ३५ मोहिमा केल्या. परत आल्यावर इतिहासाचा अभ्यास केला आणि कोलोरॅडोतल्या १९१३-१४ च्या कोळसा कामगारांच्या संपावर प्रबंध लिहून १९५३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मिचेल या लहानशा गावातल्या डकोटा वेस्लेयन या छोट्या महाविद्यालयात तो शिकवत होता. नोकरी बरी होती, विद्यार्थी जीव लावत होते.

त्या वेळी साउथ डकोटाच्या विधिमंडळात ११० जागा होत्या आणि त्यांतल्या १०८ रिपब्लिकनांकडे होत्या. डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे दोन आमदार. मॅकगव्हर्नने नोकरी सोडली आणि या दोन आमदारांच्या पक्षाचे सचिवपद घेतले. जुन्या गाडीतून तो गावोगाव फिरला. भेटलेल्या प्रत्येकाचे नाव, त्याचे शेत, त्याची अडचण तो कार्डावर टिपून ठेवी. संपकरी खाणकामगारांची कागदपत्रे जुळवताना लागलेली शिस्त त्याने मतदारसंघाला लावली. १९५६ मध्ये तो अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे तिथल्या काँग्रेसवर, निवडून आला. १९६० मध्ये सिनेटची निवडणूक हरला. केनेडींनी त्याला शांततेसाठी अन्न या कार्यक्रमाचा प्रमुख केले. अमेरिकेचे जादा धान्य भुकेल्या देशांना पोचवायचे ते काम होते आणि अशाच धान्यातला गहू त्या काळी भारतातही येत होता. १९६२ मध्ये तो पुन्हा सिनेटला उभा राहिला आणि अवघ्या ५९७ मतांनी जिंकला.

या माणसाच्या इतिहासज्ञानाचा उपयोग कुठे झाला, हे महत्त्वाचे आहे. १९६३ मध्ये, अमेरिकेत फार थोडे लोक त्यावर बोलत होते तेव्हा, त्याने सिनेटमध्ये व्हिएतनामच्या युद्धावर टीका केली. परक्या भूमीवरच्या लढाया कशा सुरू होतात आणि कशा फसतात, हे त्याने वर्षानुवर्षे मुलांना शिकवले होते. १९७२ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि ५० पैकी ४९ राज्ये हरला. पुढे अमेरिकेने व्हिएतनाममधून सैन्य काढून घेतले आणि त्याचे म्हणणे खरे ठरले. २०१२ च्या ऑक्टोबरात वयाच्या ९० व्या वर्षी तो वारला. त्याच्या राज्याने त्याला जिंकवले तसे पाडलेही, पण निरोप मोठ्या सन्मानाने दिला. मतपेटीतला पराभव आणि इतिहासातला पराभव यांत फरक असतो. हा फरक मनात पक्का असलेला माणूसच अशा निवडणुका लढवू शकतो, आणि इतिहासाच्या शिक्षकाला तो पक्का माहीत असतो.

आपल्याकडे कोलकात्यात प्रा. हिरेन मुखर्जी सुरेंद्रनाथ कॉलेजात इतिहास शिकवत आणि १९५२ ते १९७७ पर्यंत सलग लोकसभेत होते. कम्युनिस्ट पक्षाचा हा खासदार बोलायला उठला की सत्ताधारी बाकेही कान देत. महाराष्ट्रात विषय बदलले, वृत्ती तीच राहिली. प्रा. मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. १९७१ च्या जानेवारीत बॅ. नाथ पै अचानक गेले आणि राजापूर मतदारसंघ पोरका झाला. त्याच सुमारास लोकसभेची मध्यावधी निवडणूक लागली. ‘गरिबी हटाओ’ची लाट अशी होती की महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने घेतल्या. त्या लाटेत प्रजा समाजवादी पक्षाच्या तिकिटावर हा प्राध्यापक राजापुरातून निवडून आला.

तिथून दंडवते सलग पाच वेळा लोकसभेवर गेले. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली, १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतले आणि कोकण रेल्वेचा आग्रह धरला. आजही लातूरहून मुंबईला रात्रीच्या गाडीने जाणारा शेतकरी ज्या बाकावर अंग टाकतो, त्या बाकावरची गादी एका प्राध्यापकाच्या उमेदवारीचे फळ आहे. १९९१ मध्ये राजापूरने त्यांना पाडले. त्यांनी मतदाराला बोल लावला नाही. २००५ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचा देहही वैद्यकीय शिक्षणाला दिला गेला.

त्याच काळात महाराष्ट्राबाहेर एका मराठी कुळातल्या प्राध्यापकाने याहून अवघड काम केले. पुरुषोत्तम गणेश मावळंकर हे पहिल्या लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर यांचे चिरंजीव. अहमदाबादेत ते राज्यशास्त्र शिकवत. इंदुलाल याज्ञिकांच्या निधनाने १९७२ मध्ये अहमदाबादची जागा रिकामी झाली. वडिलांच्या पक्षाचे दार त्यांना ठोठावता आले असते. ते अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या भरभराटीच्या दिवसांत निवडून आले. तीन वर्षांनी आणीबाणी आली. विरोधी पक्षांचे पुढारी तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. तेव्हा या अपक्ष प्राध्यापकाने लोकसभेत उभे राहून आणीबाणीला नाही म्हटले आणि पुढे ती भाषणे पुस्तकरूपाने छापली. पक्षाचा आदेश पाळायचे बंधन नसलेला, राज्यघटना शिकवलेला एक माणूस सभागृहात असावा म्हणजे काय होते, ते त्या दिवसांत देशाने पाहिले.

विधान परिषद तर अशा माणसांसाठीच होती. घटनेच्या १७१ व्या कलमाने परिषदेच्या एक द्वादशांश जागा पदवीधरांना आणि तेवढ्याच शिक्षकांना दिल्या. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत सात पदवीधरांचे आणि सात शिक्षकांचे प्रतिनिधी असतात. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे ग. प्र. प्रधान १९६६ ते १९८४ अशी अठरा वर्षे पदवीधरांचे आमदार होते. लोकमान्य टिळकांचे इंग्रजी चरित्र अ. के. भागवतांच्या जोडीने लिहिणारा हा लेखक परिषदेत विरोधी पक्षनेता झाला, आणीबाणीत तुरुंगात गेला आणि आमदारकी संपल्यावर ‘साधना’चे संपादन करू लागला. प्रा. एन. डी. पाटील साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवत असत. शेतकरी कामगार पक्षातर्फे ते अठरा वर्षे परिषदेत आणि १९८५ ते १९९० कोल्हापुरातून विधानसभेत होते. २०२२ च्या जानेवारीत ते गेले तेव्हा अनेकांनी लिहिले की एक पर्व संपले. खरोखरच संपले होते.

या माणसांचा प्रचार कसा असे, हे सांगायला आता थोडेच लोक उरले आहेत. विधानसभेची अनामत रक्कम १९९६ पर्यंत अडीचशे रुपये होती आणि लोकसभेची पाचशे. एस. टी.ने जायचे, मुक्काम कार्यकर्त्याच्या किंवा माजी विद्यार्थ्याच्या घरी करायचा, भिंती चुन्याने आणि गेरूने रंगवायच्या. पत्रक छापून आणायचे तर कागदाचे पैसे कुणी द्यायचे आणि छपाईचे कुणी, याची वाटणी मित्रांत होई. सभेत उमेदवार आकडे सांगे: कालवा कोणत्या साली मंजूर झाला, किती रुपये आले, काम कुठे अडले. इतिहासाचा शिक्षक असला तर गोष्ट मागून सुरू करी. ही जमीन इनामाची कशी झाली, कूळ कायदा कुणी आणला, तो कुणी अडवला, भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा विनाअट महाराष्ट्रात आला तेव्हा काय आश्वासने मिळाली होती. ऐकणारा माणूस आपल्या बापाच्या आयुष्याची संगती लावत घरी जाई. मत दुसऱ्याला दिले तरी जे कळले ते त्याच्याजवळ राही.

म्हणून अशा उमेदवारीचे मोजमाप मतांनी करू नये. पडलेल्या प्राध्यापकाने मांडलेला प्रश्न निवडून आलेल्याला पाच वर्षे सोडत नसे. पुढच्या निवडणुकीत तोच प्रश्न सर्वांच्या जाहीरनाम्यात येई. शिवाय पडलेला माणूस गावातच राही, त्याच शाळेसमोरून सायकलवर जाई आणि विचारले तर उत्तर देई. लोकशाहीत हरणाऱ्याचेही एक काम असते. ते काम सन्मानाने करणारी माणसे या परंपरेने दिली.

लोकांना शिक्षक नको होते, असेही नाही. लातूरकरांनी २००१ मध्ये डॉ. जनार्दन वाघमारे यांना थेट मतांनी नगराध्यक्ष केले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिणारा, शाहू महाविद्यालयाचा प्राचार्य आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा पहिला कुलगुरू असलेला हा माणूस गल्लीतल्या नळाचे आणि गटाराचे प्रश्न सोडवायला बसला. पुढे ते राज्यसभेवरही गेले. औशापासून वीस किलोमीटरवर घडलेली ही गोष्ट आहे. संधी दिली तर आमचा मतदार विद्वत्तेला घाबरत नाही, याचा हा पुरावा.

मग ही परंपरा गेली कशाने? पहिला घाव कायद्यातून आला. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सांगितले की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरला पाहिजे. हा निकाल टिकला असता तर साधनहीन उमेदवाराला बरोबरीची जागा मिळाली असती. सरकारने लगेच कायद्यात दुरुस्ती करून पक्षाचा खर्च मर्यादेबाहेर काढला आणि जवळजवळ तीस वर्षे, २००३ पर्यंत, तो बाहेरच राहिला. आज विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाख रुपये खर्चाची मुभा आहे आणि पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. विधान परिषदेच्या निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चावरही बंधन नाही. म्हणजे जी जागा घटनेने शिक्षकांसाठी आणि पदवीधरांसाठी राखली, तिथेच पैशाला दार सताड उघडे आहे. मराठवाडा पदवीधर मतदारसंघ आठ जिल्ह्यांचा. प्रत्येक निवडणुकीला पदवीधरांची नोंदणी नव्याने होते. आठ जिल्ह्यांत नोंदणीचे अर्ज भरून घेणारी यंत्रणा ज्याच्याकडे, मतदारयादी त्याची. एकट्या प्राध्यापकाला हे कसे झेपावे?

दुसरा घाव शिक्षणाच्या व्यवस्थेतून आला आणि तो अधिक खोल आहे. १९८० नंतर विनाअनुदानित महाविद्यालये निघू लागली आणि संस्थाचालक हा राजकारणातला नवा मालक झाला. कॉलेज त्याचे, बस त्याची, शिक्षकांच्या नेमणुका त्याच्या हाती. पूर्वी प्राध्यापक उभा राहायचा. आता संस्थाचालक किंवा त्याचा मुलगा उभा राहतो आणि प्राध्यापक त्याच्या मतदारयाद्या तपासतो. ज्याच्या सहीवर पगार अवलंबून त्याच्याविरुद्ध अर्ज कोण भरणार? कायम नेमणुका रखडल्या आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची फौज वाढली. पीएच.डी. झालेला, नेट-सेट उत्तीर्ण झालेला तरुण तासाच्या हिशेबाने मानधन घेतो, सुट्टीत शेतात राबतो आणि पुढच्या जूनमध्ये आपल्याला बोलावतील का याची वाट पाहतो. ज्याला वर्षभराची खात्री नाही त्याच्याकडून सार्वजनिक धैर्य मागणे अन्याय आहे. खासगी अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला निवडणूक लढवता येते. ही मोकळीक मोठी आहे, पण नोकरीच पक्की नसेल तर ती कागदावर राहते.

तिसरा घाव आपण घातला. इतिहास विषयाची आपण हेळसांड केली. लातूरची कीर्ती गुणवत्तेच्या पॅटर्नवर झाली आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला हजारो मुले या जिल्ह्यात येतात. त्याच वेळी कला शाखेच्या वर्गात बाके रिकामी पडत गेली. इतिहासाच्या सरांना गावात पूर्वी जो मान होता तो क्लासच्या जाहिरातीतल्या चेहऱ्यांकडे गेला.

आणि नेमक्या याच काळात इतिहास मराठवाड्याच्या राजकारणाच्या मध्यभागी येऊन बसला. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसिलींच्या अभिलेख कक्षांतले गठ्ठे सुटले. त्यांत मोडी होती, उर्दू होती, फारसी होती. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर घराघरांत पोचले. गॅझेटियर कशासाठी लिहिले जात, जनगणनेत जात कशी नोंदली जाई, एका नोंदीवरून किती निष्कर्ष काढता येतो आणि किती नाही, हे ज्यांनी आयुष्यभर शिकवले त्यांच्यातले किती जण त्या निर्णयाच्या वेळी विधिमंडळात होते? या वादात कुणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नाही. दोन्ही बाजूंचे लोक आमचेच शेजारी आहेत. पण कागदाचा अर्थ शांतपणे समजावून सांगणारा आणि दोन्हीकडून विश्वास मिळवणारा माणूस सभागृहात असता, तर गावागावांतली तेढ थोडी तरी कमी झाली असती असे मला मनापासून वाटते.

औशाला इतिहासाची उणीव कधीच नव्हती. इथला भुईकोट बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा राजवटींनी पाहिला. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजांनी तो घेतला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या सैन्याला उदगीर आणि औशाच्या टापूत कोंडले आणि तह करायला लावला. आणि जिवंत माणसांच्या आठवणीत आहे ती ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि लातूर-धाराशिवची गावेच्या गावे मातीखाली गेली. नंतर पुनर्वसन झाले, नवी गावे वसली. त्या आपत्तीतून काय शिकलो, कोणत्या घरांनी माणसे वाचवली, कोणत्या निर्णयांनी नवी गावे रुजली आणि कोणत्यांनी नाही, याचा हिशेब विधिमंडळात पिढ्यान् पिढ्या मांडला जायला हवा. आमदार बदलतात, अधिकारी बदलतात. घटनांचा माग ठेवणे, साधने तपासणे, कारणे मांडणे हे ज्याचे शिक्षण झाले आहे, असा एक तरी माणूस तिथे लागतो.

म्हणून ही श्रद्धांजली केवळ हळहळ व्यक्त करण्यासाठी नाही. गेलेली माणसे परत येत नाहीत, पण गेलेली रीत परत आणता येते आणि ती आणण्याचे साधन कायद्याने आजही आपल्या हातात ठेवले आहे. विधानसभेला अपक्ष उभे राहायचे तर त्या मतदारसंघातले दहा मतदार सूचक म्हणून लागतात आणि दहा हजार रुपये अनामत लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. दहा माणसे आणि प्रत्येकी हजार रुपये, इतकेच. तुमच्या गावात कुणी असे सर असतील, मुलांना अजूनही कारणांसह इतिहास शिकवणारे, कुणाचेही मिंधे नसलेले, तर पुढच्या निवडणुकीआधी त्यांच्या घरी जा आणि उभे राहा म्हणून आग्रह धरा. ते नको म्हणतील, खर्च कुठून आणू म्हणतील, नोकरीचे काय म्हणतील. तेव्हा त्यांच्यासमोर अर्ज ठेवा आणि पहिला सूचक म्हणून तुमची सही करा.